न विचारता केलेल्या दुरुस्त्या

एकाचे अनेक कसे करायचे, हे आम्हाला शाळेत इंग्रजीच्या पुस्तकातल्या अर्ध्या पानात शिकवलं होतं. शब्दाच्या शेवटी एस लावा, फार तर ई-एस लावा, आणि मोकळे व्हा. मॅन-मेन, चाइल्ड-चिल्ड्रन अशी चार-दोन हट्टी मंडळी सोडली तर सगळा कारभार सरळ. त्या अर्ध्या पानाच्या भरवशावर मी अकोल्यात शेतकी शिकणाऱ्या पोरांच्या रस्त्यावर टायपिंगचं दुकान टाकलं आणि सत्तावीस वर्षं चालवलं. आता अमरावतीला लेकीकडे असते. दुकान बंद करून चार वर्षं झाली, तरी अजून कुणी भाषणात ‘डेटाज’ म्हणालं की माझ्या उजव्या हाताची बोटं आपोआप हलतात.

आमचा धंदा काय होता ते आधी सांगते, कारण आता तो जवळजवळ संपलाच. शेतकीत एम.एस्सी. करणारं पोरगं दोन वर्षं शेतात प्रयोग करायचं. कुणी तुरीवर, कुणी संत्र्यावर, कुणी कपाशीवरच्या किडीवर. मग त्यावर प्रबंध लिहायचा, तोही इंग्रजीत. पोरं आखीव फुलस्केप कागदांवर हातानं लिहून गठ्ठा माझ्याकडे आणायची. मी टाइप करायचे, गाइड सर तपासायचे, मी पुन्हा छापायचे, मग काळी बांधणी आणि वर सोनेरी अक्षरं. शेवटी बाहेरगावचे एक परीक्षक यायचे, समोर बसवून तोंडी प्रश्न विचारायचे, आणि त्यांची सही झाली की पोरगं गंगेत न्हालं. कॉम्प्युटर आल्यावरही बरीच वर्षं पोरं हातानंच लिहून आणत. विचार करायचा तो पेननं आणि छापायचं ते ताईंकडे, असा हिशोब होता.

मी स्वतः मॅट्रिक. वडील एका सरकारी कचेरीत शिपाई होते. साहेबांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसून त्यांनी आयुष्यभर मशीनचा आवाज ऐकला, आणि पोरगी दहावी होताच तिला त्या मशीनवर बसवली. शेतीतलं शास्त्र मला काही कळत नव्हतं. पण माणसाच्या हाताखालून शंभर वेळा एखादी गोष्ट गेली की कळण्यासारखं काहीतरी चिकटतंच.

पहिला फटका बसला तो ‘डेटाज’चा. तेव्हा हातमशीन होतं. एक वरची प्रत आणि कार्बन घालून खाली तीन. चूक झाली तर वरच्या प्रतीवर पांढरं लावता येई, कार्बनच्या प्रती मात्र खरडाव्या लागत. एका पोरानं सबंध प्रबंधात ‘डेटाज’ लिहिलं होतं. मी इमानदारीनं तसंच टाइप केलं. गाइड सरांनी प्रत्येक ठिकाणी लाल गोल केला आणि शेवटच्या पानावर प्रश्न विचारला, ‘टायपिस्ट कोण आहे?’ चूक लिहिणाऱ्याची असो की तपासणाऱ्याची, खापर फुटतं ते टायपिस्टच्या डोक्यावर. ते पोरगं दारात उभं राहून म्हणालं, “ताई, सर म्हणते डेटा हेच अनेकवचन हाय. आता एकाच्या आंगात अनेक कसे राहतीन, तुमीच सांगा.” मला तरी कुठं ठाऊक होतं? सगळी पानं पुन्हा टाइप केली. पाठ धरली ती दिवाळीपर्यंत सुटली नाही.

मग मी चौकशी केली. इंग्रजीत पुष्कळ शब्द लॅटिन आणि ग्रीकमधून आलेत म्हणे. सासरी येऊन शेकडो वर्षं झाली तरी या सुना माहेरची रीत सोडत नाहीत. फंगसचं फंजाय होतं, क्रायटेरियनचं क्रायटेरिया, फिनॉमेननचं फिनॉमेना, हायपोथिसिसचं हायपोथिसीज. जीनस एकटा असतो आणि गर्दी झाली की जेनेरा. स्पीशीज एक असली काय आणि हजार असल्या काय, स्पीशीजच. पोरांना वाटायचं एक असेल तर शेवटचा एस काढायला हवा, म्हणून ती ‘स्पेसी’ लिहायची. मला मात्र ते लगेच पटलं. आपल्याकडे एक दगड आणि दहा दगड चालतात, मग यांनी काय घोडं मारलंय?

एक जुनं रजिस्टर घेतलं आणि त्यात तीन रकाने आखले. पहिल्यात एक, दुसऱ्यात अनेक, तिसऱ्यात कोणत्या सरांनी लाल केलं त्यांचं नाव. तिसरा रकाना फार महत्त्वाचा, कारण सरांचंही एकमेकांशी जुळत नसे. एकदा एकाच प्रबंधाला दोन सर होते. एकांना ‘इंडेक्सेस’ हवं, दुसऱ्यांना ‘इंडिसीज’. पोरगं बिचारं दोघांच्या मधे. पहिल्यांनी खोडलं की दुसरे लिहीत, दुसऱ्यांनी खोडलं की पहिले. तीन वेळा असं झाल्यावर मी पहिल्या सरांना तपासायला जाणारी प्रत वेगळी काढली आणि दुसऱ्यांची वेगळी. दोघेही खूश. बांधणीच्या वेळी मात्र कोणता शब्द ठेवायचा हा प्रश्न आला, तेव्हा मी तो शब्दच काढून वाक्य फिरवलं. दोघांनी सह्या केल्या. तो शब्द गेला हे आजपर्यंत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

सगळंच मी दुरुस्त करत होते असं नाही. नांदगाव खंडेश्वरच्या एका पोरानं सुरुवातीच्या आभाराच्या पानावर आईवडील, गाइड, मित्र यांच्याखाली ‘राजा आणि सर्जा’ लिहिलं होतं. मला वाटलं भाऊ असतील. नंतर कळलं, प्रयोगाच्या तुकड्यात नांगर ओढणारी बैलजोडी. मी म्हटलं, “सर काढायला लावतील बरं का.” तो म्हणाला, “काढतीन तं काढतीन. म्या आपल्या हातानं काहाले काढू? त्याइच्याबिगर झालं असतं का?” मी ते तसंच ठेवलं. सरांनी वाचलं, हसले आणि सही केली.

पण इंग्रजीच्या चुका मी दुरुस्त करायचे, आणि गुपचूप करायचे. रजिस्टर जाडजूड झालं तसा मला माज आला म्हणा ना. अळ्यांना लिहिलंय लार्व्हाज, तर मी टाइप करायचे लार्व्ही. ‘अपेंडिक्सेस’चं अपेंडिसीज. पोराला सांगायचं नाही, सरांना सांगायचं नाही. सरांना वाटे पोरगं हुशार आहे. पोराला वाटे सर खूश आहेत. आणि मला वाटे, हे सगळं मी चालवते. ‘ताईच्या हाताखालून गेलेल्या प्रबंधाला लाल शाई लागत नाही’ अशी ख्याती झाली. अंजनगावपासून मूर्तिजापूरपर्यंतची पोरं इथं शिकायला आली की थेट माझ्याच दुकानात गठ्ठा आणून ठेवायची.

सांगत का नव्हते, त्याचं एक कारण माज आणि दुसरं कारण जुनं. लग्नाआधी एका कचेरीत नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. साहेबांनी काहीतरी विचारलं आणि मी मोठ्या तोऱ्यात ‘क्रायटेरियाज’ म्हणाले. तिघे होते. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसले. चूक काय ते कुणी सांगितलं नाही. घरी येईपर्यंत मला वाटत होतं, आपल्या साडीला हसले. खेड्यापाड्यातून आलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या पोरापोरींना तसं हसू मिळू नये, एवढंच माझ्या मनात होतं. शप्पथ सांगते, चांगल्याच मनानं करत होते.

दुकानाच्या शेवटच्या सात वर्षांत मात्र माझी पद्धत बदलली. चुकीच्या शब्दावर पेन्सिलनं खूण करायची, पोराला समोर बसवायचं आणि त्याच्याच हातानं दुरुस्त करून घ्यायचं. काही पोरांना राग येई, काही दुसऱ्या दुकानात गेली. पद्धत ज्या पोरीमुळे बदलली तिची हकिकत सांगण्यासाठीच एवढं लिहिलं.

तिचं नाव वैशाली. अंजनगाव सुर्जीची. घरी पानमळा, म्हणजे खायच्या पानांचे वेल. अंगानं काटकुळी, बोलायला फटकळ, आणि घाटेअळीवर तिचा जीव. हरभऱ्याच्या घाट्यात तोंड खुपसून दाणा खाणारी ती हिरवी अळी. निंबोळीचा अर्क फवारला तर ती किती दिवसांत मरते, असा तिचा प्रयोग होता. अळीबद्दल ती अशी बोले की घरच्या वांड पोराबद्दल बोलतेय असं वाटावं. दोन वर्षं सेमिनारचे कागदही ती माझ्याकडेच टाइप करायला आणायची, सरांना छापील द्यायची आणि बोलायची मात्र आपल्या हातच्या कागदावरून.

तिचा गठ्ठा उघडला आणि मी हसतच सुटले. इंग्रजी शब्द किंवा त्याचं स्पेलिंग आठवलं नाही की ती तिथं चित्र काढायची. ‘तिसऱ्या दिवशी दहा’ एवढं इंग्रजीत, आणि पुढं शब्दाऐवजी एक अळी, अंगावरच्या पट्ट्यांसकट. कोषाला इंग्रजीत काय म्हणतात ते विसरली तर कोष काढलेला. तक्त्यांच्या रकान्यांवर तर सगळीकडे चित्रंच होती, अंडं, अळी, कोष, पतंग. चित्रं इतकी नेमकी की मला कुठंच विचारावं लागलं नाही. जिथं शब्द होता तिथं ‘लार्व्हाज’, ‘प्युपाज’, ‘अँटेनाज’. मी चित्रांच्या जागी शब्द घातले, चुकीच्या शब्दांच्या जागी बरोबर घातले, आकड्यांना हात लावला नाही. आकड्यांना मी कधीच हात लावला नाही. गाइड सरांना ती छापील प्रतच दाखवायची. सरांनी एकही लाल गोल न करता परत दिली. वैशाली पेढे घेऊन आली. म्हणाली, “ताई, सर म्हणे इंग्रजी चांगलं हाय तुहं.” मी पेढा खाल्ला आणि गप्प बसले.

बांधणी झाली की हातानं लिहिलेले कागद पोरं नेत नसत. नेऊन करायचं काय? मी महिना-दोन महिने ठेवायचे आणि मग शेजारच्या यमुनाकाकूंना द्यायचे. काकू माझ्या दुकानाला लागून फुलं विकायला बसायच्या. त्यांचं शेत शहराबाहेर, झेंडू आणि शेवंती घरचीच. सुट्या फुलांच्या पुड्या बांधायला आमचा फुलस्केप त्यांना वर्तमानपत्रापेक्षा बरा वाटे, ओला झाला तरी फाटत नाही म्हणून. त्या वर्षी महालक्ष्म्यांचा सण आला, काकूंकडे गर्दी उसळली, आणि मी वैशालीचा गठ्ठा उचलून त्यांच्या हातात दिला.

सण उलटून आठवडा झाला असेल. वैशालीची तोंडी परीक्षा होती. दुपारी बाराच्या सुमारास ती दुकानात धावत आली. चेहरा पांढराफटक.

“ताई, माह्ये लिहिलेले कागद कोठी आहेत?”

“कोणते?”

“हातानं लिहिलेले, सगळे. थे बाहेरचे सर म्हणते, हे तू लिहिलंच नाई. कोणाकून तरी लिहून घेतलं.”

तिला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं विचारलं. परीक्षक शांत माणूस होते. प्रयोगाचं विचारलं, तिनं जमेल तशा इंग्रजीत सांगितलं. बोलताना ती लार्व्हाज म्हणाली, एकदा नाही, आठ-दहा वेळा. परीक्षकांनी प्रबंध उघडून तिच्यापुढं ठेवला आणि ‘लार्व्ही’ या शब्दावर बोट ठेवून विचारलं, “इथं हे काय लिहिलंय?” वैशालीनं पाहिलं. तो शब्द तिच्या ओळखीचाच नव्हता. ती म्हणाली, “सर, टायपिंग मिस्टेक आहे.”

सत्तावीस वर्षांत टायपिंगच्या चुका माझ्या नावावर पुष्कळ लागल्या. बरोबर टाइप केलेला शब्द चूक म्हणून लागला तो तेवढाच.

परीक्षकांनी मग दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. प्रत्येक ठिकाणी प्रबंध एक सांगतोय आणि पोरगी दुसरंच बोलतेय. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे लोक तेव्हाही होते, त्यामुळे त्यांना शंका आली यात त्यांचा काय दोष? गाइड सरांनी सांगितलं की प्रयोग हिनंच केलाय, मी शेतात पाहिलंय. परीक्षक म्हणाले, प्रयोगाबद्दल माझी शंका नाही, पण हे लिहिलं कुणी? हिनं लिहिलं असेल तर हिच्या हातचे कागद असतील. तीन वाजेपर्यंत आणा, नाहीतर मी सही न करता जाईन. सही नाही म्हणजे पोरीची दोन वर्षं पाण्यात. आणि कॉलेजात नाव झालं असतं ते वेगळंच. घरी मोठ्या भावानं आधीच सांगून ठेवलं होतं, यंदा शिक्षण झालं तर झालं, नाहीतर पोरगी उजवायची.

कागद कुठं गेले ते मला माहीत होतं. तिला सांगितलं आणि आम्ही दोघी काकूंसमोर जाऊन उभ्या राहिलो.

काकू झेंडूच्या माळा ओवत बसल्या होत्या. मी विचारलं, “काकू, मी तुम्हाला मागं कागद दिले होते, त्यातले काही उरलेत का?”

“कोठचे उरतीन वो? महालक्ष्म्याईत सगळे सरले. फुलं घिऊन घरोघरी गेले.”

वैशाली तिथंच फुटपाथवर मटकन बसली. रडली नाही. नुसती समोर पाहत राहिली. ते मला रडण्यापेक्षा जड गेलं. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “काय झालं व पोरीले?”

मी दोन वाक्यांत सांगितलं. काकूंनी सुई थांबवली.

“थे किड्याचे कागद हिचे होते का?”

“किड्यांचे?”

“आळ्या काढेल होत्या ना त्याच्यावर. थे नाई वापरले बाप्पा. महालक्ष्म्याईले वाह्याची फुलं, अन् पुडीवर आळी? गिराईक तोंडावर फेकून मारीन. अन् म्या सोता झेंडू लावतो. आळीचं तोंड दिसलं की माह्यं डोस्कं सणकते. थे सगळे म्या येगळे काढले.”

“मग कुठं आहेत?”

“बसली ना म्या त्याच्यावर. खालून गार लागते म्हून पोत्याखाली टाकले.”

आम्ही काकूंना उठवलं. गुडघ्यांवर हात ठेवून, देवाचं नाव घेत त्या उठल्या. पोतं उचललं. खाली कागद होते, वजनानं इस्त्री केल्यासारखे सपाट, कडेला झेंडूचे पिवळे डाग. वैशालीनं ते दोन्ही हातांनी उचलले आणि मोजले. एक्केचाळीस पानं. जिथं जिथं तिला इंग्रजी आलं नव्हतं, नेमकी तीच पानं वाचली होती. काकू म्हणाल्या, “मले काय मालूम, इतके कामाचे असतीन म्हून. बस, ने आता.”

एवढ्यानं भागणार नव्हतं. कागदांवर लार्व्हाज होतं आणि प्रबंधात लार्व्ही. मधे कुणीतरी बदललं हे सांगावंच लागणार, आणि तो कुणीतरी म्हणजे मी. माझं दुकान त्याच रस्त्यावर, माझं सगळं काम त्याच कॉलेजातून. टायपिस्टनं लिहिलंय तसं टाइप करायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. ही बाई शब्द बदलते हे कळलं की उद्या कुणी म्हणेल, आकडेही बदलत असेल. एकदा आकड्यांबद्दल संशय आला की माझ्याकडे कागदाचा कपटाही कुणी आणला नसता. खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात आलं की नुसते कागद देऊन हिला पाठवावं. पण पोरगी माझ्याकडे पाहत होती. मी शटर ओढलं आणि तिच्याबरोबर निघाले.

त्या खोलीत माझ्या आयुष्यातली ती दुसरी मुलाखत. टेबलापलीकडे परीक्षक, बाजूला गाइड सर. मी उभ्यानंच सांगून टाकलं. “सर, हे हिनंच लिहिलंय. इंग्रजी शब्द मी बदलले. हिला न विचारता. हिच्या सरांनाही माहीत नाही.”

गाइड सरांची मान झटकन वळली. परीक्षकांनी कागद हातात घेतले. डाग पाहिला, वास घेतला. मग एक तक्ता काढून प्रबंधातल्या तक्त्याशेजारी ठेवला आणि बोटानं एकेक आकडा जुळवत गेले. मला माहीत होतं की आकडे जुळणार, तरी त्यांच्या बोटाबरोबर मीही एकेक आकडा वाचत होते.

“आकडे कधी बदललेत का?” त्यांनी विचारलं.

“नाही सर. कुणाचेच नाही.”

त्यांनी आणखी दोन तक्ते जुळवले. मग चित्रांवर आले. पट्टेवाल्या अळीच्या चित्रावर बराच वेळ थांबले. आणि वैशालीला म्हणाले, “आता हे मला मराठीत सांग. तुझ्या मराठीत.”

मग ती जी सुटली! मी अशी वैशाली पाहिली नव्हती. अळी घाट्याला भोक कशी पाडते, डोकं आत आणि धड बाहेर कशी लटकते, अर्क फवारल्यावर आधी खाणं सोडते, मग सुस्त होते, मग काळी पडते. “सर, पह्यल्या दिवशी मरत नाई ते. शेतकऱ्याले वाटते औषद फुकट गेलं. पण थे उपाशी राहून राहिली असते. तिसऱ्या दिवशी पाहा मंग.” परीक्षक मधेमधे विचारत, ती पटापट उत्तरं देई. त्यांनी एक प्रश्न असा विचारला की गाइड सर पुढं सरकून बसले. पोरीनं त्याचंही उत्तर दिलं. मी दाराशी उभी होते. अर्धं कळलं, अर्धं नाही. पण परीक्षकांच्या चेहऱ्यावरची आठी उलगडत गेली ते कळायला शास्त्र लागत नाही.

त्यांनी आम्हा दोघींना बाहेर थांबायला सांगितलं. दहा मिनिटांनी वैशालीला एकटीला आत बोलावलं. थोड्या वेळानं गाइड सर बाहेर आले, माझ्यासमोर थांबले. म्हणाले, “ताई, म्हणजे माझ्या सगळ्या पोरांचं इंग्रजी...” मान हलवत निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या एका पोराचा गठ्ठा माझ्याकडेच पाठवला, म्हणजे मी काय ते समजले. त्या घडीला मात्र मला त्यांचंही काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष त्या दाराकडे.

वैशाली बाहेर आली. “झाली सही,” ती म्हणाली. “पास.”

माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. इतकं हलकं मला लेकीच्या लग्नानंतरही वाटलं नव्हतं. मी तिला जवळ घ्यायला हात पुढं केले. ती मागं सरकली.

“ताई, तुमाले मालूम होतं ना? म्या चुकून राहिली हे?”

“होतं.”

“मंग मले काहून नाई सांगतलं?”

मी म्हटलं, “तुला वाईट वाटेल म्हणून.”

“दोन वर्सं म्या तसंच बोलून राहिली. सेमिनारमदे सगळ्याइच्या समोर बोलली. पोरं हासत. मले वाटे, माह्या वऱ्हाडीले हासतात. म्हून म्या बोलणंच कमी केलं. अन् तुमी रोज माह्यं बरोबर करून राहिल्या अन् मलेच सांगत नाई?” तिनं हातातला परीक्षकांच्या सहीचा कागद माझ्यापुढं धरला. “तुमी एक डाव सांगतलं असतं तं?”

त्या तिघा साहेबांनीही मला सांगितलं नव्हतं. त्यांचं हसू पोरांना मिळू नये म्हणून मी गप्प राहिले, आणि माझ्या गप्प राहण्यानंच ते तिला दोन वर्षं मिळत होतं. आणि किती जणांना मिळालं असेल, देव जाणे. मी तिला एवढंच म्हणू शकले, “चुकलं माझं, वैशाली.”

तिनं तो कागद घडी करून पर्समधे ठेवला, ओढणीनं तोंड पुसलं आणि ती कॉलेजच्या पायरीवर बसली. शेजारची जागा हातानं झाडली.

“बसा. अन् आता सांगा. सगळे सांगा.”

मी बसले. समोरून पोरंपोरी जात-येत होती, काही तिच्या वर्गातली. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि पहिला शब्द सांगितला.

“मोठ्यानं सांगा ना, ताई,” ती म्हणाली. “लपून काहून सांगता?”

मी मोठ्यानं सांगितला. ती माझ्याहून मोठ्यानं म्हणाली.